प्रस्थान, दर्शन, फोटो स्टॉप: परदेशी सहलीचा कागद कसा वाचावा

‘सकाळी नाश्ता करून आयफेल टॉवरकडे प्रस्थान.’

चाकूरच्या एका निवृत्त गुरुजींनी आणलेल्या कागदावर हे वाक्य होतं. नवरा-बायको दोघांची युरोपची सहल, ग्रॅच्युइटीच्या पैशातून. गुरुजींनी विचारलं, “वर जायला मिळतं ना हो?” मी कागद पुन्हा वाचला. प्रस्थान होतं, पण पोचल्यावर वर चढायचं की खालून मान वर करून बघायचं, याबद्दल कागद गप्प होता. एजंटला फोन लावला तेव्हा उलगडा झाला. वर जायचं तिकीट वेगळं आणि तेही आधी काढावं लागतं. “पण सर, फोटो छान येतात खालून.”

चाकूर, नळेगाव, वडवळ, अहमदपूर या भागातून हल्ली असे कागद बरेच येतात. प्रश्नही ठरलेले असतात. गाइड घ्यावा का? गावातल्या माणसाकडे बुकिंग करावं की मोबाइलवर? आगाऊ किती द्यावे? बुडाले तर कुठे जायचं? बहुतेक जण किमतीपासून सुरुवात करतात. माझं सांगणं असं की किंमत नंतर बघा. आधी रोजच्या कार्यक्रमातली क्रियापदं वाचा.

कागदावरची भाषा

सहलीच्या धंद्यात काही शब्द ठरून गेलेले आहेत. त्यांचे अर्थ असे:

- प्रवेश, तिकिटासह: आत जाणार आणि तिकीट कंपनी काढणार. हे शब्द असतील तरच ते ठिकाण पॅकेजात आलं असं समजा.
- बाहेरून दर्शन, फोटो स्टॉप: बस थांबेल, तुम्ही उतराल, फोटो काढाल आणि परत बसमध्ये चढाल. दहा-वीस मिनिटांचं काम.
- पॅनोरमिक टूर, ड्राइव्ह पास्ट: बसच्या काचेतून. उजव्या बाजूचे बघतात, डावीकडचे माना वळवतात.
- मोकळा वेळ, लेझर: त्या वेळात कार्यक्रम नाही. बहुधा बसही नाही आणि जेवणही नाही.
- ऑप्शनल: पैसे वेगळे. यात भानगड अशी की अख्खा गट गेला आणि तुम्ही नाही गेलात, तर तीन-चार तास कुठे बसायचं हे कुणी सांगत नाही.

पेन्सिल घ्या आणि कागदावरच्या प्रत्येक ठिकाणापुढे तीन गोष्टी लिहा: आत की बाहेरून, किती वेळ, तिकीट कुणाकडे. जिथे उत्तर नाही तिथे प्रश्नचिन्ह. ही प्रश्नचिन्हं एजंटला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि उत्तर लिहूनच मागा. फोनवरचं “होऊन जाईल हो” हे उत्तर धरू नका.

तिकिटातही प्रकार असतात. दुबईच्या बुर्ज खलिफात १२४–१२५ व्या मजल्याचं तिकीट वेगळं, १४८ व्या मजल्याचं वेगळं आणि बरंच महाग. सूर्यास्ताच्या सुमाराची वेळ हवी असेल तर आणखी जास्त. कागदावर नुसतं ‘बुर्ज खलिफा’ असतं. स्वित्झर्लंडचं युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) दुपटीहून उंच. हृदयविकार किंवा बीपी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच हे ठिकाण स्वीकारावं. ‘जाऊ, बघू’ म्हणून निघालेले काही जण वरच्या कॅन्टीनमध्येच बसून राहतात.

ठिकाण त्या दिवसांत उघडं असतं का, हेही बघा. आपल्याकडे रब्बीची रास झाली आणि शाळांना सुट्ट्या लागल्या की एप्रिल-मेमध्ये लोक निघतात. हॉलंडची क्युकेनहॉफची ट्युलिप बाग मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच, साधारण आठ आठवडे, उघडी असते. मेच्या शेवटच्या आठवड्यातल्या सहलीच्या जाहिरातीत ट्युलिपचा फोटो असेल तर तो फोटोच आहे. थायलंडच्या फी फी बेटांवरची माया बे गेली काही वर्षं ऑगस्ट-सप्टेंबरात बंद ठेवली जाते. एरवीही त्या खाडीत पोहायला मनाई आहे.

तुमच्यासाठी कोणती सहल

ढोबळमानाने तीन पर्याय असतात.

पहिला, मराठी टूर मॅनेजर असलेली गटाची सहल. केसरी टूर्स १९८४ साली आणि वीणा वर्ल्ड २०१३ साली सुरू झाली. अशा कंपन्यांमुळे सोबत मराठी बोलणारा माणूस आणि संध्याकाळी वरण-भात ही अपेक्षाच तयार झाली. पहिलीच वारी असेल, इंग्रजीची भीती असेल किंवा आईवडिलांना एकटं पाठवायचं असेल, तर चार पैसे जास्त देऊन हाच पर्याय घ्या. यात काटकसर करू नका असं मी तरी सांगेन.

एक गैरसमज मात्र दूर करा. टूर मॅनेजर म्हणजे गाइड नव्हे. मॅनेजर माणसं मोजतो, हॉटेलच्या खोल्या वाटतो, हरवलेली पिशवी शोधतो. त्या शहराचा इतिहास सांगणारा स्थानिक गाइड वेगळा असतो. थायलंडमध्ये गाइडचं काम कायद्याने तिथल्या नागरिकांसाठीच राखीव आहे, इटलीत परवाना लागतो. त्यामुळे आपला मराठी मॅनेजर काही ठिकाणी गप्प उभा राहतो, तो कामचुकार असतो म्हणून नव्हे. स्थानिक गाइड किती शहरांत आहे आणि तो हिंदी बोलतो की इंग्रजी, हे आधीच विचारून घ्या.

दुसरा पर्याय म्हणजे विमान, हॉटेल आणि तिथल्या दिवसभराच्या फेऱ्या असं जोडपॅकेज. थायलंड, दुबई, सिंगापूर, बालीला हेच जास्त खपतं. यात ‘एसआयसी’ अशी अक्षरं दिसतील. सीट इन कोच, म्हणजे आपल्या भाषेत शेअरिंगची बस. ती पाच-सहा हॉटेलांतून माणसं गोळा करत येते. तुम्ही सकाळी लॉबीत तयार उभे राहायचं. बस आली आणि तुम्ही खोलीत असलात तर बस जाते, पैसे परत येत नाहीत. घरात कुणाचे गुडघे दुखत असतील, लहान मूल असेल किंवा तुम्ही पाच-सहा जण असाल, तर ‘प्रायव्हेट’ गाडीचा भाव विचारा. माणशी फरक भागून बघितला की वाटतो तेवढा मोठा नसतो.

तिसरा पर्याय, सगळं स्वतः ठरवायचं आणि एखाद्या दिवसापुरता गाइड घ्यायचा. मुलगी-जावई तिकडे राहतात, त्यांच्याकडे महिनाभर जायचं आहे, अशांना हाच सोयीचा. मोठ्या शहरांत ‘फ्री वॉकिंग टूर’ असतात. नाव फुकट असलं तरी शेवटी गाइडच्या हातात काही ठेवायचं असतं, त्याची कमाई तीच. दोन-तीन तास पायी चालायची तयारी हवी.

बस का थांबत नाही

युरोपहून आलेल्यांची ठरलेली तक्रार: “नुसतं पळवलं.” त्यामागे कंपनीची हाव असते, पण एक कायदाही असतो. युरोपीय संघात बसचालकाला दिवसाला ९ तास गाडी चालवता येते, आठवड्यातून दोनदा १० तास. साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची. गाडीतल्या यंत्रात सगळी नोंद होते. तुम्ही दुकानात वीस मिनिटं जास्त घालवलीत की संध्याकाळचं ठिकाण कापलं जातं. म्हणून एका दिवसात ४०० किलोमीटर प्रवास आणि चार ठिकाणं असा कागद दिसला तर त्यातली दोन फोटो स्टॉप ठरणार, हे घरीच ओळखा. जुन्या शहरांच्या गल्ल्यांत मोठी बस बहुधा जातही नाही. उतरून पंधरा-वीस मिनिटं दगडी रस्त्यावरून चालावं लागतं, त्याला चामड्याची नवी चप्पल उपयोगाची नाही.

गावातला एजंट, मोठी कंपनी की मोबाइल

चाकूरच्या बाजारपेठेत ज्याच्याकडे तुम्ही बुकिंग करता तो बहुधा स्वतः सहल नेत नाही. तो लातूर किंवा पुण्याच्या माणसाला देतो, तो मुंबईच्या घाऊक विक्रेत्याला, आणि बँकॉकमध्ये तुम्हाला घ्यायला येणारी गाडी तिथल्या चौथ्याच कंपनीची असते. यात गैर काही नाही, धंदा असाच चालतो. फक्त गोंधळ झाला की प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. म्हणून ज्याला पैसे दिले त्याचीच पावती घ्या आणि जबाबदारी त्याचीच, हे त्याच्याकडून लिहून घ्या.

गावातल्या माणसाचा फायदाही आहे. व्हिसाचे कागद तो दारात बसून भरून देतो आणि बसस्टँडवर रोज दिसतो. मोबाइलवर स्वस्त मिळतं, पण अडचणीच्या वेळी समोर ‘चॅट’ असतं. साधा नियम असा ठेवा: दिवसभराची फेरी किंवा एखादं तिकीट मोबाइलवर, अख्खी सहल माणसाकडून. मोबाइलवर घेताना पुढच्या गोष्टी बघा:

- ‘फ्री कॅन्सलेशन’ किती तास आधीपर्यंत? अनेक ठिकाणी २४ तास असतं आणि ते तिथल्या घड्याळाप्रमाणे. थायलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे.
- भेटायची जागा कुठे? हॉटेलवरून नेणार की चौकात या म्हणणार?
- शोधल्यावर सगळ्यात वर येणारी लिंक बहुधा जाहिरात असते. सरकारी किंवा अधिकृत तिकीट थोडं खाली सापडतं आणि स्वस्त असतं.
- पाच तारे बघू नका, दोन आणि तीन ताऱ्यांचे अभिप्राय वाचा. खरं काय बिनसतं ते तिथे लिहिलेलं असतं.

पर्यटन मंत्रालय टूर ऑपरेटरांना मान्यता देतं, पण ती ऐच्छिक आहे. यादीत नाव नाही म्हणून कुणी खोटा ठरत नाही. पावतीवरचा जीएसटी क्रमांक मात्र जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून बघा. नाव वेगळंच निघालं तर तिथेच थांबा.

पैसे देताना

कॉक्स अँड किंग्ज ही १७५८ सालाची परंपरा सांगणारी कंपनी. २०१९ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि आगाऊ पैसे भरलेले प्रवासी अडकले. त्याच वर्षी सप्टेंबरात ब्रिटनची थॉमस कुक कोसळली (भारतातली त्या नावाची कंपनी आधीच वेगळी झाली होती). ब्रिटनमध्ये सरकारी संरक्षण योजना होती, तिने सुमारे दीड लाख लोकांना घरी आणलं. आपल्याकडे तशी योजना नाही. म्हणून मोठं नाव बघून सगळे पैसे एकदम भरू नका.

- टप्प्याने द्या: बुकिंगला थोडे, व्हिसा आणि विमानाच्या वेळी काही, उरलेले निघण्याआधी.
- कंपनीच्या खात्यावर द्या. कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर किंवा रोख देऊ नका.
- विमानाचं तिकीट निघालं की त्यावरचा पीएनआर क्रमांक घेऊन विमान कंपनीच्या साइटवर स्वतः तपासा.
- रद्द केल्यास कोणत्या तारखेला किती कापणार, व्हिसा नाकारला गेल्यास काय परत मिळणार, हे पहिला हप्ता देण्याआधी लिहून घ्या. व्हिसाची फी परत मिळत नाही.
- टिपा पॅकेजात आहेत का हे विचारा. अनेक सहलींत रोजची माणशी टीप सक्तीची असते आणि ती शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेली असते.

किमतीची तुलना करताना तळाच्या बेरजा करा. आकडे उदाहरणापुरते घेऊ. एक पॅकेज ₹६८,००० चं, दुसरं ₹८२,००० चं. पहिल्यात जेवणं नाहीत, दोन ठिकाणं ऑप्शनल आहेत, विमा आणि टीप वेगळी. हे मिळून माणशी ₹१७,००० झाले की स्वस्त पॅकेज ₹८५,००० ला पडलं.

आता टीसीएस. परदेशी पॅकेजवर एजंट जीएसटीशिवाय हा कर कापतो. त्याचे दर २०२३ पासून बदलत आले आहेत, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा दर विचारा. महत्त्वाचं म्हणजे हा खर्च नव्हे, तुमच्या पॅनवर जमा झालेला आगाऊ कर आहे. आयकर विवरणपत्र भरलं की तो वळता होतो किंवा परत मिळतो. आपल्या भागात अडचण अशी की शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून अनेक जण विवरणपत्र भरतच नाहीत आणि हे पैसे सरकारकडेच राहतात. बुकिंग ज्याच्या पॅनवर केलं त्याने त्या वर्षी विवरणपत्र भरावंच.

दुकानं, आणि ‘आज बंद आहे’

बँकॉकच्या एका सहलीत आमची बस सकाळी नऊला रत्नांच्या एका भल्यामोठ्या दालनापाशी थांबली. कागदावर ‘जेम गॅलरीला भेट’ होतं, वेळ लिहिलेली नव्हती. आधी छोट्या रेल्वेत बसवून खाणीचा देखावा दाखवला, मग काचेच्या कपाटांमध्ये सोडलं. प्रत्येक जोडप्यामागे एक हिंदी बोलणारी मुलगी. बाहेर पडायचा रस्ता कपाटांच्या मधूनच वळत-वळत जाणारा. दीड तासाने बाहेर आलो तेव्हा आमच्यातल्या एका मावशींनी ‘स्वस्तात’ नीलमचं पेंडंट घेतलं होतं. लातूरच्या सराफाने ते भिंगाखाली धरलं, परत डबीत ठेवलं आणि चहा मागवला. मावशी काय ते समजल्या.

अशी दुकानं पॅकेज स्वस्त होण्याचं एक कारण असतात, तिथून कमिशन येतं. कागदावर दुकानांना किती वेळ आहे ते विचारा. आत गेलात तरी खरेदीची सक्ती नाही. बाहेर बसमध्ये थांबतो, असं म्हणता येतं.

बँकॉकचाच आणखी एक जुना डाव. राजवाड्याच्या रस्त्यावर एखादा नीटनेटका माणूस सांगतो, “आज ग्रँड पॅलेस बंद आहे, मी दुसरं मंदिर दाखवतो.” मग टुकटुक तुम्हाला शिंप्याच्या आणि रत्नांच्या दुकानांत फिरवते. त्याच्याशी वाद घालू नका, सरळ फाटकापर्यंत चालत जा. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, नाही तर फाटकावर अडवतात.

कागदपत्रं, थोडक्यात

- पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने चालणारा हवा.
- तिकिटावरचं नाव पासपोर्टबरहुकूम. पासपोर्टवर ‘काशीबाई’ आणि तिकिटावर ‘काशी’ असलं तर विमानतळावर रडायची वेळ येते.
- जुन्या माणसांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कधी कधी रिकामा असतो. संयुक्त अरब अमिरातींनी नोव्हेंबर २०२२ पासून अशा एकेरी नावाच्या पासपोर्टवर पर्यटकांना अडवायला सुरुवात केली. दुबईचं बुकिंग करण्याआधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्या.
- दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असू शकतं. ते नोकरीसाठी जाणाऱ्यांसाठी आहे. पर्यटनाला व्हिसा आणि परतीचं तिकीट असलं की अडचण येऊ नये.
- युरोपच्या शेंगेन व्हिसाला सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्याची सहल असेल तर जानेवारीतच भेटीची वेळ धरा. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. विमा घेताना बीपी, शुगर लपवू नका, दावा तिथेच अडतो.
- नेपाळला विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र ठेवा. नुसत्या आधारवर विसंबू नका.
- मूळ पासपोर्ट एजंटकडे फक्त व्हिसासाठी आणि पोच घेऊनच द्या.

सहल मुंबईहूनच का, हेही विचारा. लातूर रोड स्टेशन आपल्याच तालुक्यात आहे, तिथून हैदराबादकडे गाडी मिळते आणि शमशाबादचं विमानतळ मुंबईपेक्षा जवळ पडतं. बऱ्याच कंपन्या ‘जॉइनिंग-लीव्हिंग’ देतात, म्हणजे विमान तुमचं आणि गटात थेट तिकडे सामील व्हायचं. फक्त तुमचं विमान उशिरा पोचलं तर गट थांबत नाही.

बिघडलं तर

कबूल केलेलं हॉटेल मिळालं नाही, ठिकाण वगळलं, गाइड आलाच नाही, तर त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी तक्रार करा आणि फोटो काढा. परत आल्यावर केलेल्या तोंडी तक्रारीला पुरावा राहत नाही. पासपोर्ट हरवला तर तिथल्या पोलिसांची नोंद घेऊन भारतीय दूतावास गाठा, परतीपुरता तात्पुरता दाखला मिळतो.

घरी आल्यावर आधी कंपनीला लेखी नोटीस. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तरीही दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी मुंबई-दिल्लीची असली तरी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे चाकूरकरांसाठी लातूर. ‘वाद फक्त मुंबईच्या न्यायालयात’ असं पावतीमागे छापलेलं बघून गप्प बसू नका. दिलेली रक्कम ₹५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. पावती, कार्यक्रमाचा कागद आणि पेन्सिलीच्या प्रश्नांना आलेली लेखी उत्तरं जपून ठेवा. गुरुजींनी अशी अकरा उत्तरं मिळवली. आयफेलच्या दुसऱ्या मजल्याचं तिकीट पॅकेजात आलं, एक फोटो स्टॉप गेला.

बॅग भरताना

धपाटे, शेंगदाण्याची चटणी, चिवडा न्यायला हरकत नसते. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला मात्र खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर लिहा. झोपेची किंवा तीव्र वेदनाशामक औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवी. दुबई आणि सिंगापूरला खसखस नेणं गुन्हा आहे. काळ्या मसाल्यात ती असू शकते, आणि दिवाळीत लेकीसाठी नेलेल्या अनारशांवर तर असतेच.